कारणाचा रकाना

अनंतराव खानझोड्यांच्या घरात कारण सांगितल्याशिवाय दुसरा चहा होत नसे. चहा शालिनीताईच करायच्या आणि पिणारही त्याच, पण "परत कशाला?" हा प्रश्न अनंतरावांचा. "इच्छा झाली म्हणून" हे उत्तर त्यांच्या लेखी उत्तरच नव्हतं. डोकं दुखतंय, दूध नासायला आलंय, बाहेर गारठा आहे, असं काहीतरी दाखवता येण्याजोगं हवं. पन्नास वर्षांच्या संसारात शालिनीताईंची डोकेदुखी या एका कारणाने इतकी वाढली होती की खरोखर डोकं दुखलं तर त्या बोलतच नसत.

यात अनंतरावांचा तसा दोष नव्हता. त्यांनी भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी विभागात काढली होती. तिथे प्रत्येक तयार भागाबरोबर एक चिठ्ठी यायची, आणि चिठ्ठीत शेवटचा रकाना असायचा कारणाचा. भाग पास केला तर का केला, परत पाठवला तर का पाठवला. रकाना रिकामा ठेवून कुणी चिठ्ठी पुढे सरकवली तर अनंतराव ती परत करत, मग ती खुद्द साहेबांची का असेना. एकदा साहेबांनी रजेच्या अर्जावर "वैयक्तिक कारण" लिहिलं, तर यांनी पेन्सिलीने बाजूला लिहून दिलं होतं, "म्हणजे काय?" अर्ज यांच्याकडे आलाही नव्हता, टेबलावर उघडा दिसला एवढंच.

निवृत्तीनंतर बरखेड्याचं क्वार्टर सुटलं, अवधपुरीत दोन खोल्यांचा फ्लॅट झाला, पण रकाना काही सुटला नाही.

मुलगी प्राजक्ता लग्न होऊन नाशिकला. तिचे फोन यायचे, नाही असं नाही. पण वडिलांच्या मोबाइलवर यायचे ते कारणाने: पॅन कार्डाचा फोटो पाठवा, विम्याच्या कागदावर सही करा, डोळे दाखवलेत का. काम झालं की, "ठेवू मग, बाबा?" अनंतराव म्हणत, "ठेव." फोन ठेवल्यावर मात्र ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसत. आईचं आणि तिचं वेगळं होतं. रोज दुपारी दोन वाजता दोघींचं पाऊण तास चाले, आणि अनंतराव आतल्या खोलीतून कान देऊन ऐकत, की एवढं काम तरी कोणतं आहे. काम नसायचंच. मेथीची जुडी, शेजारणीची सून, पोह्यात घातलेली साखर. एकदा तर चक्क पाच मिनिटं दोघी नुसत्या हसल्या. कशावर, ते शालिनीताईंना नंतर सांगता आलं नाही, आणि अनंतरावांना विचारता.

अशात यंदाच्या जुलैत अनंतरावांचं भाग्य उघडलं ते भूमितीमुळे. नात शमिका नववीत गेली आणि पुस्तकात सिद्धता आल्या. सिद्धता म्हणजे वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे विधान, उजवीकडे कारण. शमिकाला विधानं सुचायची, कारणं सुचायची नाहीत. तिने आजोबांना व्हिडिओ कॉल लावला, पान दाखवलं, आणि अनंतरावांना भरून आलं. अहो, कारणाचा रकाना! जगात कुणीतरी अजून तो छापत होतं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी साडेसहा. अनंतराव सहाला दुसऱ्यांदा दाढी करू लागले. इस्त्रीचा शर्ट, मोबाइल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवलेला, मागे भिंत स्वच्छ. शिकवणी तासाभराची, पण खरं सांगायचं तर त्यांचा जीव अडकलेला असायचा शमिकाच्या मागे दिसणाऱ्या स्वयंपाकघराच्या दारात. त्या दारातून प्राजक्ता ये-जा करायची. हातात कधी पातेलं, कधी लसणाची टोपली. जाता जाता म्हणायची, "बाबा, गोळी घेतली का?" किंवा, "बाबा, वाळलात किती." एवढंच. ना पॅन कार्ड, ना सही. ते एक वाक्य मिळावं म्हणून हा माणूस एका त्रिकोणावर चाळीस मिनिटं घालवत असे.

आणि तिथेच घोळ झाला.

समांतरभुज चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात हे दाखवायचं होतं. मधून कर्ण काढला, दोन त्रिकोण झाले. आता कर्णाच्या एका टोकाशी वरचा कोन आणि दुसऱ्या टोकाशी खालचा कोन सारखे. कारण? अनंतरावांना आठवेना. शाळा सुटून पंचावन्न वर्षं झालेली. पण आठवत नाही म्हणणं तपासणी विभागात बसत नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी विभागाने त्यांना पोलादी कोनमापक भेट दिला होता, अंशाचा बारावा भाग दाखवणारा. तो त्यांनी मखमलीच्या पेटीतून काढला, कागदावर आकृती मोठी काढली, मोजलं. अठ्ठावन्न आणि अठ्ठावन्न. पुन्हा मोजलं. तेच. जिथे मोटारीचे भाग असल्या कोनमापकावर पास झाले तिथे नववीचा चौकोन काय. शमिकाला त्यांनी सांगितलं, लिही, मोजून पाहिले. मग हीच किल्ली त्यांनी पुढच्या सगळ्या कुलपांना लावली.

चाचणीत शमिकाला वीसपैकी पाच गुण मिळाले. पोरीने इमानदारीने सहा ठिकाणी लिहिलं होतं, "कारण: आजोबांनी दोनदा मोजले." बाईंनी लाल शाईत शेरा मारला होता, "हे कारण ग्राह्य नाही."

चौतीस वर्षांत अनंतराव खानझोड्यांचं मोजमाप कुणी नामंजूर केलं नव्हतं. पण तेही त्यांनी गिळलं असतं. गिळवलं नाही ते प्राजक्ताचं बोलणं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती समजुतीने म्हणाली, "बाबा, तिला क्लास लावलाय आम्ही. तुम्हाला उगाच त्रास. आता तुम्ही आराम करा."

आराम. मंगळवारी साडेसहाला अनंतराव दाढी करून बसले आणि मग लक्षात आलं.

सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत नीळकंठराव होते, कारखान्याच्या प्रशासन विभागातून निवृत्त. अर्ज हा त्यांचा श्वास. त्यांनी सल्ला दिला की हा सरळसरळ मापनशास्त्राचा अपमान आहे, शाळेला लेखी कळवा. अनंतरावांनी अडीच पानांचं पत्र लिहिलं, त्यात कोनमापकाची अचूकता, तापमानामुळे पडणारा फरक, सगळं. शाळेच्या संकेतस्थळावर एकच पत्ता दिसला, त्यावर धाडलं. तो पत्ता होता प्रवेश विभागाचा. तेव्हापासून एक दिवसाआड एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन येऊ लागला, "आपल्याला कोणत्या इयत्तेत प्रवेश हवाय?" अनंतरावांनी चारदा समजावून सांगितलं. पाचव्यांदा तिने विचारलं की पाल्याची जन्मतारीख काय, तेव्हा त्यांनी पाल्य एकाहत्तर वर्षांचं असल्याचं सांगितलं. तिने ते लिहून घेतलं.

मग त्यांनी ठरवलं की आपणच भूमिती शिकायची, अगदी मुळापासून, आणि अशी शिकायची की नाशिकच्या क्लासने तोंडात बोट घालावं. शमिका परत आपल्याकडे येईल. म्हणजे साडेसहा परत येईल, आणि ते दार. यासाठी हवं होतं महाराष्ट्राचं नववीचं मराठीतलं भूमितीचं पुस्तक, जे भोपाळच्या दुकानात कुठून मिळणार? शमिकाने मोबाइलवर एका मिनिटात धाडलं असतं, पण मागायचं कोणत्या तोंडाने?

मराठी मंडळाच्या वाचनालयात ते होतं. मात्र होतं बाल विभागात. ग्रंथपाल कमलिनीबाई नियमाला पक्क्या. पाठ्यपुस्तकं फक्त बाल सदस्यांना, आणि ती घरी न्यायची तर बाल विभागाचा अर्ज. अनंतरावांनी वाद घालायला तोंड उघडलं, पण अर्जात "सदस्य होण्याचे कारण" असा स्वतंत्र रकाना दिसला आणि त्यांचा विरोध मावळला. असं व्यवस्थित काम करणाऱ्या संस्थेशी भांडायचं कसं? इयत्ता: नववी. कारण: अभ्यास. शेवटी होती पालकाची सही. कमलिनीबाई म्हणाल्या, घरातल्या जबाबदार व्यक्तीची चालेल.

शालिनीताईंनी चष्मा लावून अर्ज पहिल्यापासून वाचला, पन्नास वर्षं वाट पाहिल्यासारखा. मग सही केली आणि पाल्याशी नातं या रकान्यापुढे लिहिलं, पत्नी. आठ दिवसांनी अनंतरावांना गुलाबी कार्ड मिळालं. वरच्या कोपऱ्यात ससा, त्याखाली यांचा कारखान्याच्या ओळखपत्रावरचा गंभीर फोटो, आणि सूचना: पुस्तकावर रेघोट्या मारू नयेत.

पुस्तक आलं, पण एकट्याने उमगेना. तेव्हा नीळकंठरावांनीच भोपाळातल्याच सोनागिरीच्या दुबे सरांचं नाव काढलं. दुबे सर चाळीस वर्षं हिंदी माध्यमाला गणित शिकवून आता व्हरांड्यात फळा लावून बसत. अनंतरावांनी त्यांना आपली कैफियत सांगितली, कोनमापक पेटीतून काढून दाखवला. दुबे सरांनी तो आदराने हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला, आणि पेटीत ठेवून पेटी बंद केली.

"खानझोडे जी," ते म्हणाले, "यहाँ नापना मना है."

अनंतरावांना वाटलं, चेष्टा करतायत. पण सर गंभीर होते. तुम्ही मोजलात तो एक चौकोन, ते म्हणाले, अवधपुरीत तुमच्या टेबलावरचा. जगातल्या बाकी चौकोनांचं काय? मोजून फक्त त्या एकाचं कळतं. दिसतंय म्हणून चालत नाही, वाटतंय म्हणून चालत नाही, मोजलंय म्हणून तर नाहीच. त्यांनी फळ्यावर लिहिलं, चालतं एवढंच: एक, जे आधीच दिलेलं आहे, दोन, व्याख्या, तीन, सगळ्यांनी मान्य केलेलं मूळ तत्त्व, चार, पूर्वी सिद्ध झालेलं प्रमेय. पाचवं काही नाही. आणि त्या दोन कोनांचं कारण म्हणजे, समोरासमोरच्या बाजू समांतर, कर्ण त्यांची छेदिका, म्हणून ते व्युत्क्रम कोन. मोजायची गरजच नाही. डोळे मिटूनही सारखेच.

अनंतरावांच्या अंगावर काटा आला. चौतीस वर्षं एकेक भाग हातात घेऊन मोजण्यात गेली, आणि इथे न मोजता सगळे एकदम पास होत होते.

आता ते दिवसाआड सोनागिरीला जाऊ लागले. वहीत पक्ष, म्हणजे जे दिलेलं आहे ते. साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते. मग सिद्धता, विधान आणि कारण. त्यांची प्रगती विलक्षण होती, आणि घरात तिचा फार त्रास झाला. भाजीत मीठ कमी आहे असं शालिनीताई म्हणाल्या तर, हे कशावरून, व्याख्येवरून की आधीच्या प्रमेयावरून? शेवटी एकदा पोळी लाटता लाटता त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"एवढी भूमिती कुणासाठी करताय तुम्ही?"

"शमिकासाठी."

"शमिकाचा क्लास लागलाय. तिला सत्तर टक्के पडतायत. कुणासाठी?"

अनंतरावांनी वही मिटली. शालिनीताईंनी मग पोळी तव्यावर टाकली आणि पाठमोऱ्याच बोलल्या. प्राजक्ता होस्टेलवर होती तेव्हा पहिल्या वर्षी रोज संध्याकाळी एसटीडीवरून फोन करायची, आठवतं? तेव्हा ती आईला नाही मागायची, बाबांना मागायची. "तुम्ही विचारायचात, काय काम होतं. ती म्हणायची, काही नाही, सहज. तुम्ही म्हणायचात, सहज हे कारण नाही. महिनाभर विचारलंत रोज. मग तिने कारण असलं तरच करायला सुरुवात केली. हुशार आहे ती, तुमचीच मुलगी. तुम्ही सांगितलेलं चुकली नाही कधी."

अनंतराव त्या रात्री जेवले, पण काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांना ती आठवत होती. बूथच्या काचेमागून बोलतेय असा बारीक आवाज, मागे रस्त्यावरचे भोंगे, आणि "सहज" म्हणताना किंचित हसलेली. पोरगी काहीतरी देत होती आणि आपण तिच्याकडून चिठ्ठी मागत होतो. बावीस वर्षं झाली. असा भाग परत पाठवायचा असतो का, आणि कोणत्या कारणाने?

फोन करावासा वाटला. पण करायचा कशावरून? हात मोबाइलकडे जाई आणि डोक्यातला तपासनीस विचारी, कारण? दोन दिवस अशी तगमग झाल्यावर अनंतराव वही घेऊन बसले. जी पद्धत येत होती तीच वापरली.

पक्ष: अनंत भोपाळला. प्राजक्ता नाशिकला.
साध्य: अनंतने प्राजक्ताला फोन करावा.
विधान एक: विम्याच्या कागदावर सही हवी. कारण: वारसदार.
विधान दोन: शालिनीचा गुडघा दुखतो. कारण: वय.
विधान तीन: दिवाळीचं विचारायला हवं. कारण: रूढी.
विधान चार: करमत नाही. कारण:

चौथा रकाना रिकामाच राहिला. दुसऱ्या दिवशी गृहपाठाची वही दुबे सरांपुढे ठेवली तेव्हा ते पान त्यातच असल्याचं अनंतरावांना आठवलं नाही. आठवलं तेव्हा सर लाल पेन घेऊन त्यावर वाकलेले होते. मराठी त्यांना आता बऱ्यापैकी वाचता येऊ लागली होती.

विम्याची सही कधी झाली, त्यांनी विचारलं. मार्चमध्ये, अनंतराव म्हणाले. सरांनी काट मारली. गुडघ्याचं मुलीला ठाऊक नाही का? रोज दोन वाजता ऐकते ती, अनंतरावांनी कबूल केलं. काट. दिवाळीचं आई बोलली असेल. काट. "ये तीनों बहाने हैं, कारण नहीं." मग चौथ्यावर बोट ठेवून, "करमत नाही मतलब?"

"मन नहीं लगता."

"किसके बिना?"

एवढा सोपा प्रश्न अनंतरावांना कारखान्यात, घरात, कुठेच कुणी विचारला नव्हता. "बेटी के," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा फुटला की त्यांनाच शरम वाटली.

दुबे सरांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "इसका कारण मत ढूँढिए. ये सिद्ध करने की चीज़ नहीं है. ये नीचे लिखा, यही गलती है आपकी. इसे ऊपर लिखिए, जहाँ लिखते हैं कि क्या दिया हुआ है."

त्या गुरुवारी, बरोबर साडेसहाला, अनंतरावांनी नाशिकला फोन लावला. दाढी केलेली होती, जरी हा साधा फोन होता. तिकडून प्राजक्ताचा घाबरा आवाज आला. "बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

आई बरी होती. गोळ्या संपल्या नव्हत्या. पोस्टातून काही आलं नव्हतं. प्राजक्ता एकेक कारण पुढे करत होती आणि अनंतराव एकेक नाकारत होते.

"मग काही काम होतं का?"

"काम नाही. करमत नव्हतं तुझ्यावाचून."

अनंतरावांना वाटलं, फोन कटला. मग त्यांनी घाईने जोडलं, "कारण विचारू नकोस. ते पक्षात दिलेलं आहे. सिद्ध करावं लागत नाही. शमिकाला विचार हवं तर."

"मी करते नंतर, बाबा," प्राजक्ता कशीबशी म्हणाली, आणि खरंच कटला.

शुक्रवार गेला. नंतर म्हणजे कधी, याची व्याख्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. अनंतरावांनी शुक्रवारी रात्री स्वतःला बजावलं की या वयात असलं बोलायला नको होतं, पोरगी अवघडली असणार. शालिनीताईंना दुपारच्या फोनवर काही कळलं का, हे विचारायचं धाडस झालं नाही. शनिवारी सहाला मोबाइल वाजला आणि ते जवळजवळ धावले. गोड आवाजाची मुलगी होती, प्रवेशाची शेवटची तारीख सांगायला. अनंतराव तिला खचलेल्या आवाजात म्हणाले की नको बेटा, आता प्रवेश नको, माझा अभ्यास झाला. तिने अभिनंदन केलं.

साडेसहाला पुन्हा वाजला. पडद्यावर प्राजक्ता.

"हॅलो बाबा, मी."

चौतीस वर्षं कारखान्यात आणि पन्नास वर्षं घरात घडलेली जीभ ती. "काय," एवढं तिच्यावरून घसरलंच. स्वयंपाकघरात शालिनीताईंच्या हातातला झारा थांबला. पुढचे शब्द ओठांपर्यंत आले होते, ते अनंतरावांनी मोठ्या कष्टाने परत पाठवले.

"काय करतेस?" ते म्हणाले.

"काही नाही," प्राजक्ता म्हणाली. आवाज बारीक, बूथमधून येतो तसा, आणि किंचित हसलेला. "सहज केला."

अनंतरावांनी खुर्ची ओढून घेतली आणि बसले. मोबाइल कानावर घट्ट धरला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"जा, गॅस बंद करून ये," ते म्हणाले. "मी आहे."